मलकपेठच्या मैदानावरचा नळ

इंदुताई बिरादार बलदियावर, म्हणजे हैदराबादच्या महापालिकेवर, निवडून आल्या, तोवर मलकपेठेत त्यांना फारसं कुणी नावाने ओळखत नव्हतं. मराठी शाळेतल्या बाई, एवढीच त्यांची ओळख. उंच, काटक, आवाज खर्जातला आणि चालताना छत्री काठीसारखी टेकवायची सवय. लग्नानंतर वर्षातच नवरा प्लेगमध्ये गेला आणि त्या उदगीरजवळच्या मोरतळला, माहेरी परतल्या. आडनावही पुढे माहेरचंच लावलं. तसं पाहिलं तर त्यांचं उरलेलं आयुष्य चुलीपुढेच जायचं. पण थोरले भाऊ, गावचे पाटील नामदेवराव, हट्टी. घरातल्या सगळ्यांशी भांडून त्यांनी बहिणीला हैदराबादेत शिकायला ठेवलं. गाडीत बसवताना म्हणाले, "आता आलीस तर मास्तरीण होऊनच ये."

ते नामदेवराव अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मारले गेले. रझाकारांची टोळी भर दुपारी मोरतळात शिरली आणि त्यांना खळ्यावर गाठलं. त्यांची बायको भामाबाई माळवदावर कडब्याआड लपली म्हणून वाचली. अंत्यविधी उरकून ती गावातून निघाली ती थेट हैदराबादेला, नणंदेच्या दारात. मूलबाळ नव्हतं. मलकपेठच्या त्या दोन खोल्यांत दोघी विधवा राहू लागल्या.

पुढे सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. गल्लीत साखर वाटली गेली. भामावहिनी त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून होती.

नंतर खेड्यापाड्यांत वारं उलटं फिरलं. ज्यांनी जन्मात कुणावर हात उचलला नव्हता अशा मुसलमानांचीही घरं पेटली, माणसं कापली गेली. त्यांच्या बायका, पोरं, म्हातारेकोतारे जीव घेऊन शहराकडे पळाले. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागे मोठं मोकळं मैदान होतं, तिथे त्यांनी तट्ट्याच्या झोपड्या घातल्या. मैदानाच्या कोपऱ्यावर बलदियाचा एक नळ होता. सगळी वस्ती त्या एका नळावर जगायची.

बलदियाच्या निवडणुका लागल्या तेव्हा प्रतापराव वकील इंदुताईंकडे आले. सत्याग्रहात तुरुंग भोगलेले, गोरेपान, बोलण्यात मधाळ. "बायकांनाही मत आहे आता. एखादी बाई उभी राहायला हवी," म्हणाले. इंदुताईंना उभं त्यांनी केलं, सभा त्यांनी घेतल्या, निवडून आणलंही त्यांनीच. हे इंदुताई विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि प्रतापरावही विसरणारे नव्हते.

निवडणुकीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. आधी मैदानावर माणसं गेली, त्याचा गल्लीत फारसा बोभाटा झाला नाही. मग अप्पारावांची धाकटी सून गेली. अप्पाराव म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले, गल्लीतले वडीलधारे गृहस्थ. सकाळी पोरगी तुळशीला पाणी घालत होती आणि दिवेलागणीला तिला उचललं.

तिसऱ्या दिवशी अप्पाराव पाच-सहा जणांना घेऊन इंदुताईंकडे आले. प्रतापराव बरोबर होतेच. अप्पारावांनी दाढी केली नव्हती. खुर्ची दिली तरी ते उभेच राहिले.

"ती घाण तिथून हलली पाहिजे, बाई," ते म्हणाले. "आज माझ्या घरात झालं, उद्या तुमच्याही होईल."

"लस टोचायला डॉक्टर पाठवते उद्याच," इंदुताई म्हणाल्या.

"डॉक्टरानं काय होतंय? ते लोकच हलायला हवेत."

"कुठे जातील ते?"

"आले तिकडं जातील! आपण बोलावलं होतं काय त्यांना?"

प्रतापरावांनी अप्पारावांच्या खांद्यावर हात ठेवला. शांतपणे म्हणाले, "इंदुताई, कुणाला मारायचं नाही की झोडायचं नाही. मैदानावरचा नळ बंद करायचा. पाणी नसलं की माणूस आपोआप हलतो. ठराव मी मांडतो, तुम्ही अनुमोदन द्या. वॉर्ड तुमचा आहे. तुम्ही हात वर केलात की सभेत कुणी प्रश्न विचारणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारात भामावहिनी उभी होती. एरवी परक्या पुरुषांपुढे ती येत नसे. आज पदर सावरून तिथूनच म्हणाली, "देतील की अनुमोदन. का नाही देणार?"

मंडळी गेली. इंदुताईंनी वहिनीकडे पाहिलं, पण ती आत वळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी इंदुताई मैदानावर गेल्या. मत मागायला त्या इकडे कधी आल्या नव्हत्या. इथल्या कुणाचं नाव यादीत नव्हतं, त्यामुळे कुणीच आलं नव्हतं. नळाजवळ घागरींची रांग होती, बायकांचा कालवा चालला होता. नळाची धार करंगळीएवढी. भोवती चिखल, चिखलातच पोरं बसलेली. एका झोपडीपुढे कुणीतरी चादर पांघरून निजलं होतं आणि माश्या हाकायला शेजारी कुणी नव्हतं. इंदुताईंनी नाकाला पदर लावला आणि लगेच काढला.

"कोण पाहिजे?" एका बाईने विचारलं.

"बलदियाकडून आलेय. किती जण आजारी आहेत?"

'बलदिया' म्हणताच गलका थांबला. मागून कुणीतरी ओरडलं, "नळ तोडने कू आये!" दोन बायका नळाला पाठ लावून उभ्या राहिल्या. एकीने घागर अशी धरली, की आता फेकून मारते. इंदुताई जागच्या हलल्या नाहीत, पण छत्रीवरची मूठ आवळली गेली.

तेवढ्यात रांगेतून एक म्हातारी पुढे आली. डोळ्यांवर हात धरून तिने निरखून पाहिलं.

"इंदू का गं तू? नामदेव पाटलाची भैन?"

मोरतळची बोली. इंदुताईंनी ती भामावहिनीशिवाय कुणाच्या तोंडून कित्येक दिवसांत ऐकली नव्हती.

"मी हमीदा. उस्मान मणेराची."

उस्मान मणेर गावात बांगड्या भरायचा. सणासुदीला हमीदाबी टोपली घेऊन घरोघर यायची. भामावहिनीच्या लग्नातला हिरवा चुडा हिनेच भरला होता.

"उस्मानचाचा?" इंदुताईंनी विचारलं.

"त्यो गेला. पोरगाबी गेला. मशिदीम्होरं बसवलं सगळ्यास्नी आणि..." तिने हाताने पुढचं सांगितलं. "सून आणि मी निगालो. सून दोन दिस झालं पडलीय." तिने चादरीकडे बोट केलं. मग एकदम इंदुताईंचा हात धरला. "तुज्या भावाचं लई वाईट झालं, माय. उस्माननं रझाकारास्नी सांगितलं हुतं, पाटील उदगीरला गेलाय म्हून. ऐकलं न्हाईत."

इंदुताईंनी हात सोडवून घेतला. तो का सोडवला हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. "डॉक्टर पाठवते," एवढंच म्हणून त्या वळल्या. दुपारी डॉक्टर गेले. त्या दिवशी शाळेत पोरींनी कविता म्हटली ती त्यांच्या कानावरून गेली नुसती.

संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं. सांगायला नको होतं असं त्यांना बोलताबोलताच वाटू लागलं, पण तोंडातून गेलेला शब्द मागे घेता येईना. भामावहिनी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"उस्मान मणेराची बायको?"

"होय."

"आणि ती म्हणते, त्यानं वाचवायचं केलं?"

"तसं म्हणते."

वहिनी उठली. पिठाचे हात तसेच. "वन्सं, मी माळवदावर होते. तुम्ही नव्हता. मी पाहिलं उस्मानला. बंदुका घेतलेल्या माणसांच्या मधी उभा होता आणि हात वर करून आमच्या घराकडं दाखवत होता. ह्या डोळ्यांनी पाहिलं मी."

"उदगीरची वाट आपल्या घरावरूनच जाते, वहिनी."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, दोघींपैकी कुणी ती उलटली नाही.

"म्हणजे मी खोटी?" भामावहिनी हळूच म्हणाली.

"नाही. तुम्ही पाहिलं ते खरं. पण त्यानं घर दाखवलं की वाट दाखवली, हे तुम्हाला काय किंवा मला काय, कसं कळणार?"

"मला कळतंय. त्यांचं रक्त खळ्यावर मी माझ्या हातानं धुतलंय." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "परवा सभेत तुम्ही त्या लोकांच्या बाजूनं हात वर केलात, तर या घरात मी राहणार नाही. भाऊ तुमचाच होता, वन्सं. तुम्हाला शिकवलं कुणी?"

त्या रात्री दोघी उपाशीच निजल्या. पुढचा सगळा दिवस वहिनी एक शब्द बोलली नाही. तिने आपली ट्रंक कोपऱ्यातून ओढून मधोमध ठेवली, म्हणजे येता-जाता इंदुताईंना ती ओलांडावी लागेल.

प्रतापराव शाळेत येऊन भेटून गेले. डॉक्टरांचा सल्ला त्यांना आधीच कळला होता. नळ तोडला तर लोक मुसी नदीचं पाणी पितील आणि साथ आणखी पसरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. "डॉक्टर लोक पुस्तकातलं बोलतात," प्रतापराव म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "गल्ली तापलीय, इंदुताई. अप्पारावांचं दुःख ताजं आहे. तुम्ही डळमळलात तर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

"ही धमकी आहे का?"

"छे! घरच्या माणसासारखं सांगतोय."

सभेच्या दिवशी दालन उकडत होतं. पंखे फिरत होते, पण वारा खालपर्यंत पोचत नव्हता. सभेचं कामकाज उर्दूतच चालायचं, नव्या सभासदांत तेलुगू, मराठी, कन्नड, सगळ्या बोलीचे लोक होते, पण भांडायला सगळ्यांना उर्दूच बरी पडायची. प्रेक्षकांच्या बाकांवर मलकपेठेतली मंडळी दाटीने बसली होती. पुढच्या रांगेत अप्पाराव, आणि बायकांच्या बाकावर, शहरात आल्यापासून घराबाहेर फारशी न पडलेली भामावहिनी.

प्रतापरावांनी ठराव वाचला. आरोग्य, शिस्त, शहराची वाढ, सगळं मुद्देसूद बोलले. विरोधात दोघे-तिघे बोलले, त्यांना बाकांवरून ओरडून खाली बसवण्यात आलं. महापौरांनी घंटा वाजवली. मग प्रतापरावांनी आवाज खाली घेतला.

"ज्या वॉर्डाचा हा प्रश्न, तिथल्या सभासद इथे बसल्या आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या भावाला कुणी मारलं हे मी सांगायला नको. त्या भावाची विधवा पत्नीही आज इथे आली आहे. या दोन भगिनींच्या जखमेवर मीठ चोळून आपण त्याच लोकांना पाणी पाजणार आहोत का?"

बाकांवरून "शरम! शरम!" असा ओरडा झाला. सगळ्यांच्या माना इंदुताईंकडे वळल्या. भामावहिनीने पदर तोंडावर ओढला होता.

अनुमोदनासाठी महापौरांनी त्यांचं नाव घेतलं. इंदुताई उठल्या. बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. पहिलं वाक्य उर्दूत निघालं, दुसऱ्या वाक्याला त्या मराठीवर आल्या, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

"माझ्या भावाचं नाव या सभेत घ्यायला मी कुणाला सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "प्रतापरावांनी घेतलं, तर आता मीच सांगते. त्याला रझाकारांनी मारलं. गावातल्या कुणी त्यांना घर दाखवलं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक कधीच कळणार नाही. ज्याच्यावर संशय आहे तो माणूस मेला. त्याची म्हातारी बायको या मैदानावर घागर घेऊन रांगेत उभी आहे, सून पटकीनं पडली आहे. तिनं पाणी पिण्याआधी काय शाबीत करून दाखवायचं, ते प्रतापरावांनी मला सांगावं."

"हा भावनेचा प्रश्न नाही!" प्रतापराव ओरडले.

"भावना तुम्ही काढलीत. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगायला आले होते. नळ तोडला तर ही माणसं मुसीवर जातील आणि पटकी अफझलगंजपासून अंबरपेठपर्यंत पोचेल. अप्पारावांची सून परत येणार नाही, पण दुसऱ्या कुणाची जाईल." त्यांचा आवाज फाटला, तरी त्या थांबल्या नाहीत. "माझी दुरुस्ती अशी आहे की नळ राहील. तिथे दुसरा नळ द्यावा, संडास बांधावेत, आणि उद्यापासून प्रत्येक झोपडीत लस टोचावी."

त्या खाली बसल्या तेव्हा बाकांवर नुसता गदारोळ होता. कुणीतरी "गद्दार" म्हणालं, मराठीत की उर्दूत ते पुढे त्यांना आठवत नसे. पट्टेवाल्यांनी दोघांना बाहेर काढलं. मग दुरुस्तीचा एकेक भाग मतांना टाकला गेला. हात वर झाले, मोजले, पुन्हा मोजले. नळ तोडायचा ठराव थोड्या मतांनी पडला. लस मंजूर झाली. दुसरा नळ आणि संडास मात्र, पैसे नाहीत म्हणून, पुढल्या वर्षावर ढकलले.

इंदुताईंनी बायकांच्या बाकाकडे पाहिलं. भामावहिनीची जागा रिकामी होती.

त्या टांग्याने घरी आल्या तर गल्लीच्या तोंडाशी घोळका उभा होता. कुणी वाट अडवली नाही, पण कुणी बाजूलाही झालं नाही. माणसांना चुकवत त्या दारापर्यंत गेल्या. मागून एक दगड आला आणि उंबऱ्याला लागला. अप्पाराव त्या घोळक्यात होते. दगड पडताच त्यांनी मागे वळून "ए!" असं दरडावलं, पण इंदुताईंकडे त्यांनी पाहिलं नाही.

दाराला बाहेरून कडी होती. ती काढून त्या आत गेल्या. ट्रंक होती, वहिनी नव्हती.

इंदुताईंना आधी मुसी आठवली. त्या तशाच अनवाणी बाहेर पडल्या. नदीवर जावं की स्टेशनवर, काही सुचेना. शेवटी पाय मैदानाकडे वळले.

भामावहिनी हमीदाबीच्या झोपडीपुढे उभी होती. वस्तीतली माणसं जरा दूर थांबली होती, कुणीच जवळ यायला धजत नव्हतं. म्हातारी खाली बसलेली, वहिनी तिच्यावर वाकलेली. इंदुताई धावत पोचल्या तेव्हा वहिनीचे शब्द ऐकू आले.

"हात कशाला वर केला हुता त्यानं? सांग."

"वाट दाखवली, भामा. उदगीरची."

"पोराची आन घे."

"पोर कुठाय माजं? कुणाची आन घिऊ?" म्हातारी म्हणाली.

भामावहिनी तिच्याकडे बघत राहिली. इंदुताईंना वाटलं, आता ही हात उचलते. त्या पुढे झाल्या. पण वहिनी मटकन खाली बसली, म्हातारीपासून हातभर अंतरावर, आणि रडू लागली. अठ्ठेचाळीसपासून ती कुणासमोर रडली नव्हती. हमीदाबीने तिला हात लावला नाही. सुनेच्या उशाची घागर उचलली, वाटीत पाणी घेतलं आणि दोघींच्या मधे ठेवलं. भामावहिनीने ते प्यायलं नाही.

झोपडीत सून कण्हली तशी म्हातारी आत गेली. वहिनी उठली, डोळे पुसले आणि इंदुताईंना म्हणाली, "चला घरी. दारं उघडी टाकून आलात का?"

वाटेत ती एवढंच बोलली, "ती खोटं बोलत असंल असं वाटलं नाही. पण मी तिला माफ केलं नाही, वन्सं. ते मला जमणार नाही."

"मी कुठे म्हटलं करा?"

ट्रंक पुन्हा कोपऱ्यात गेली. सुनेला पटकीतून उतार पडला. गल्लीत पुढे बरेच महिने इंदुताईंकडे लग्नामुंजीचं बोलावणं आलं नाही, आणि काही पालकांनी मुली शाळेतून काढल्या. अप्पाराव मात्र पावसाळा सरताना एकदा दारात आले, नातीचं नाव शाळेत घालायचं म्हणून. सभेचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढली निवडणूक इंदुताई हरल्या. प्रतापरावांनी दुसरा माणूस उभा केला आणि तो सहज निवडून आला. मैदानावरच्या लोकांपैकी थोड्याच जणांची नावं तोवर यादीत चढली होती, आणि निकाल फिरवायला तेवढी पुरणार नव्हती. निकाल लागला त्या संध्याकाळी मैदानावरच्या काही बायका इंदुताईंच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. काय बोलावं ते त्यांना सुचेना. भामावहिनीने त्यांना ओसरीवर बसवलं आणि चहा केला. दुसऱ्या नळाची अर्जी मात्र इंदुताई नवीन सभासदाकडे घेऊन जात राहिल्या, तो टाळत राहिला, आणि त्या पुन्हा जात राहिल्या.